पहारा आणि दुसरी प्रत

बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून दप्तर जपण्याची एक रीत असे. सनदा, इनामपत्रे, जमाखर्चाच्या वह्या आणि मोडीतील पत्रव्यवहार तांबड्या रुमालांत बांधून ठेवलेला असे. पावसाळा सरला की रुमाल सोडून कागदांना ऊन दाखवावयाचे, कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे घालावयाचे आणि पुन्हा गाठ मारावयाची. पोथ्यांचे लेखनिक तर शेवटच्या पानावर, हिला तेलापाण्यापासून जपा, अशी विनवणी लिहूनच लेखणी खाली ठेवीत.

ते दप्तर आता बहुतेक ठिकाणी संगणकात जाऊन बसले आहे. नातवाने मोडी पत्रांची छायाचित्रे घेतली, कोणी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती जुळवीत आहे, कोणी आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. सोय मोठी झाली यात शंका नाही. परंतु रुमालाला कसर लागली तर चार पानांना भोके पडत. संगणकातले दप्तर जाते तेव्हा एका घटकेत सगळेच जाते. तेव्हा या नव्या दप्तराची निगा कशी राखावी, याचा विचार घरातील वडील मंडळींनीही करावयास हवा. तो केवळ मुलांवर सोपविण्याजोगा नाही.

पहारेकरी काय करतो

संगणकाला उपद्रव देणारा, स्वतःच्या प्रती आपणच काढीत पसरणारा प्रोग्रॅम म्हणजे व्हायरस. १९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा प्रोग्रॅम प्रयोगादाखल करून दाखविला आणि त्याचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी त्याला हे नाव सुचविले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आपल्या प्रोग्रॅमच्या चोरट्या प्रती कोण काढतो हे कळावे, असा आपला हेतू होता, असे ते सांगत; म्हणून त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातला होता! फ्लॉपीवर बसून तो देशोदेशी गेला. पुढे आलेले लोक मात्र आपला पत्ता देणारे नव्हते.

यावरील उताऱ्याच्या इतिहासात एक मराठी नाव मानाने येते. सातारा जिल्ह्यातून पुण्यास आलेले कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून गणकयंत्रांच्या दुरुस्तीत शिरले. दुकानात येणारे कित्येक संगणक यंत्राच्या दोषाने नव्हे, तर व्हायरसने बिघडलेले असत. हे ध्यानी येताच त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहावयास घेतला. १९९५ मध्ये तो ‘क्विक हील’ या नावाने बाजारात आला आणि २०१६ मध्ये त्यांच्या कंपनीचे शेअर बाजारात आले.

अँटिव्हायरसचे काम वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्यासारखे आहे. त्याच्याजवळ ओळखीच्या चोरांच्या खुणांची यादी असते. येणारी प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. परंतु आज जन्मलेला चोर कालच्या यादीत कसा असणार? म्हणून चांगला पहारेकरी वागणुकीवरही नजर ठेवतो. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइली बदलू लागला, तर त्याचा हात धरतो. यादी रोज नवी व्हावी लागते, हे मात्र विसरता कामा नये. विंडोजमध्ये २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून ‘डिफेंडर’ हा पहारेकरी घरचाच मिळतो. निराळा विकत घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र दोन पहारेकरी एकाच वेळी ठेवू नयेत, ते एकमेकांच्याच वाटेत येतात.

पहारेकरी जागा असला तरी भिंतीला भगदाड असून चालत नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव जगभर पसरला आणि सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडात रुग्णालयांची कामे खोळंबली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ती ज्यांनी करून घेतली नाही, ते सापडले. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांच्या घरी अजून तीच चालू आहे, त्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

ओलीस धरलेले दप्तर

वॉनाक्रायने काही चोरून नेले नाही. त्याने फाइली जागच्या जागी कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागितले. ही खंडणीची रीत जुनीच आहे. १९८९ साली जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयी माहितीची म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने धाडल्या होत्या. संगणक नव्वद वेळा चालू केला की फाइलींची नावे गूढ होत आणि पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा, असा मजकूर पडद्यावर येई. तेव्हाचे कुलूप कच्चे होते; जाणत्यांनी ते उघडले. आजची कुलुपे बहुधा उघडत नाहीत, आणि पैसे भरूनही किल्ली मिळेलच याचा भरवसा नसतो.

येथे पहारेकऱ्याची मर्यादा कळते. तो चोराला अडवू शकतो, पुढे बाहेरही हाकलू शकतो. पण गेलेली वस्तू आणून देणे त्याच्या हाती नाही. ती परत मिळते ती फक्त दुसऱ्या प्रतीतून. शिवाय हार्ड डिस्क जुनी होऊन आपोआप बंद पडते, घरचाच माणूस चुकून फाइल पुसतो आणि विश्वामित्रीचे पाणी कोणत्याही अँटिव्हायरसला विचारून घरात शिरत नाही. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरचा पूर आपण पाहिले आहेत. तळमजल्यावर संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात त्याची प्रत, अशी व्यवस्था असेल तर दोन्ही एकदमच भिजावयाची.

प्रती वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात

आपल्या नगरीच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिची सात कांडे १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाली. ते काम होऊ शकले, कारण रामायणाच्या पोथ्या नेपाळपासून केरळपर्यंत ठिकठिकाणी नकलून ठेवलेल्या होत्या. एके ठिकाणची पोथी वाळवीने खाल्ली, तरी दुसरीकडची उरली होती.

अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी संगणकासाठी हाच विचार तीन आकड्यांत बसविला : प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. घरगुती भाषेत सांगावयाचे तर मूळ प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठ्यात किंवा परगावच्या लेकीच्या कपाटात. विंडोजमधील ‘फाइल हिस्ट्री’ अथवा मॅकमधील ‘टाइम मशीन’ दुसऱ्या प्रतीचे काम करते आणि एकाच फाइलीची कालची, परवाची रूपेही राखते.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. एक, नक्कल झाली की डिस्क काढून ठेवावी. संगणकाला अष्टौप्रहर जोडलेली डिस्क खंडणीवाल्याच्या कुलपात मुळाबरोबरच सापडते. दोन, संगणकाशी सतत जुळवून घेणाऱ्या इंटरनेटवरील साठ्यालाच दुसरी प्रत समजू नये. येथे पुसलेले थोड्या दिवसांनी तेथूनही कायमचे जाते. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, प्रत उघडते की नाही ते पाहावे. १९९८ साली पिक्सार या चित्रपट संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रत काढावयास जावे, तो तीच नीट काम करीत नव्हती असे आढळले! गॅलिन सुसमन या बाई घरी तान्हे मूल असल्यामुळे घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने काम सावरले. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

अलीकडे लग्नपत्रिकेच्या नावाखाली फोनवर भलतेच प्रोग्रॅम पाठविण्याचा प्रकार सुरू झाला आहे. ज्याच्याकडून आमंत्रण आले, त्याला एकदा फोन करून खात्री करून घ्यावी. शिष्टाचारही होतो आणि घरही सुरक्षित राहते.

हे सारे लक्षात कसे राहावयाचे? त्यासाठी आपल्याकडे पंचांग आहेच. दर महिन्याच्या संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहता पाहता डिस्क जोडून नक्कल काढावी. दसऱ्याला पाटीपूजन व शस्त्रपूजन होते, त्याच दिवशी ठेवलेल्या प्रतीतील चार फाइली उघडून पाहाव्यात आणि जुनी झालेली डिस्क बदलण्याचे ठरवावे. कुलवृत्तांताची एक प्रत पुण्याच्या किंवा इंदूरच्या नातलगाकडे धाडावी आणि त्याची आपण ठेवून घ्यावी. चार घरांनी एकमेकांचे दप्तर असे सांभाळले, तर एका घरावर आलेले संकट दप्तरावर यावयाचे नाही. पूर्वी रुमाल उन्हात घालण्यास एक दुपार लागे. या कामाला तेवढाही वेळ लागत नाही.