डुलुथ : लोखंडाच्या वाटेवरचे बंदर

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेले डुलुथ हे बंदर अटलांटिक महासागरापासून जलमार्गाने सुमारे ३,७०० किलोमीटर आत असूनही तेथून थेट युरोप आणि उत्तर आफ्रिकेकडे गव्हाची जहाजे रवाना होतात. पृष्ठफळाच्या दृष्टीने सुपीरियर हे गोड्या पाण्याचे जगातील सर्वांत मोठे सरोवर असून त्याचा विस्तार महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक भरतो. त्यामुळे त्याच्या काठावरील बंदराला नदीकाठच्या धक्क्यापेक्षा समुद्री बंदराचेच नियम अधिक लागू पडतात. मात्र बंदरातून किती माल जातो आणि गावात किती पैसा राहतो, या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नेहमीच असतो असे नाही, हे डुलुथच्या इतिहासाइतके स्पष्टपणे दाखवणारी उदाहरणे थोडीच आढळतील.

ही भूमी मूळची ओजिब्वे लोकांची. १८५४ च्या ला पॉइंट करारान्वये त्यांनी सरोवराच्या उत्तर काठचा मोठा प्रदेश अमेरिकी सरकारकडे सोपवला, परंतु शिकार आणि मासेमारीचे हक्क राखून ठेवले. सेंट लुइस नदी सरोवराला मिळते तेथे वाळूचा लांबच लांब दांडा तयार झाला असून त्याच्या आडोशाला नैसर्गिक बंदर लाभले आहे. मात्र त्यात शिरण्याची मूळ वाट शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील सुपीरियर या गावाजवळ होती. डुलुथने १८७१ मध्ये दांडा कापून स्वतःचा कालवा काढला. नागरिकांनी फावडी घेऊन तो ऐन वेळी खणला, ही कथा गावात आवडीने सांगितली जाते. खोदकामाचा मुख्य भार वाफेवर चालणाऱ्या गाळउपशाच्या यंत्राने उचलला होता, एवढे मात्र खरे.

या कालव्यावरील पूल १९०५ मध्ये उभा राहिला, तेव्हा माणसे आणि गाड्या लोखंडी चौकटीला टांगलेल्या पाळण्यातून पलीकडे नेल्या जात. १९२९-३० मध्ये त्याचे रूपांतर संपूर्ण रस्ताच वर उचलला जाणाऱ्या पुलात झाले. जहाज भोंगा वाजवते, पूल भोंग्यानेच उत्तर देतो, आणि दांड्यावर राहणाऱ्यांना जहाज जाईपर्यंत गाडी थांबवून बसावे लागते. पूल उभा राहिला त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ‘मताफा’ हे जहाज वादळात कालव्याच्या तोंडाशीच धक्क्याच्या भिंतीवर आदळून मोडले. हजारो लोक किनाऱ्यावर शेकोट्या पेटवून रात्रभर थांबले असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत नऊ खलाशी गारठून मेले.

शहराला श्रीमंती आणली ती मेसाबी टेकड्यांतील लोहखनिजाने. १८९० मध्ये मेरिट बंधूंनी ते शोधले, खाणींपासून सरोवरापर्यंत रेल्वेही बांधली. परंतु १८९३ च्या आर्थिक अरिष्टात कर्जबाजारी होऊन त्यांची मालमत्ता जॉन रॉकफेलरच्या हाती गेली आणि १९०१ मध्ये यूएस स्टील या महाकाय कंपनीत विलीन झाली. खनिज येथून ओहायो आणि इंडियानाच्या पोलाद कारखान्यांकडे जाई आणि नफा न्यूयॉर्कला. सुमारे ७०० मीटर लांबीच्या उंच धक्क्यावर रेल्वेच्या वाघिणी चढतात, खालच्या कप्प्यांत खनिज ओततात आणि तेथून ते घसरणींवाटे जहाजाच्या पोटात उतरते. या व्यवस्थेत गुरुत्वाकर्षणच हमालाचे काम करते.

उत्तम प्रतीचे खनिज संपत आले तेव्हा टॅकोनाइट या कठीण, कमी लोहांश असलेल्या खडकाकडे उद्योग वळला. तो दळून पूड करतात, चुंबकाने लोह वेगळे काढतात आणि मातीत मळून, भाजून गोटीएवढ्या गोळ्या बनवतात. याच प्रक्रियेचा टाकाऊ चुरा सिल्व्हर बे येथील कारखाना रोज हजारो टनांनी सरोवरात सोडत असे. १९७३ मध्ये डुलुथच्या नळाच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससदृश तंतू आढळले. शहराला पाणी गाळण्याचा प्रकल्प उभारावा लागला, आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९८० मध्ये तो चुरा सरोवरात टाकणे थांबले.

१९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाल्यावर सागरी जहाजे येथवर येऊ लागली. सरोवरातली मोठी जहाजे मात्र कधीच समुद्र पाहत नाहीत, कारण तीनशे मीटरची ही धुडे समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवरील वेलंड कालव्याच्या जलपाशांत, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून जहाज चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हौदांत, मावतच नाहीत. अशा एका जहाजात साठ हजार टनांहून अधिक माल जातो आणि त्यावर खलाशी असतात वीस-पंचवीस. टनांचा आकडा फुगला तरी मजुरीचा आकडा का फुगला नाही, याचे उत्तर येथेच मिळते. यूएस स्टीलचा स्थानिक कारखाना १९७० च्या दशकात बंद पडला. १९६० मध्ये १,०६,८८४ असलेली लोकसंख्या १९९० मध्ये ८५,४९३ वर आली. शेवटच्या जाणाऱ्याने दिवा मालवावा, अशी खोचक विनंती करणारा फलक त्या काळात रस्त्यालगत लागला होता.

आज गावाचा भार रुग्णालये, विद्यापीठ, छोटी विमाने बनवणारा उद्योग आणि पर्यटन यांच्यावर आहे. कालव्याकाठच्या जुन्या वखारींत उपाहारगृहे आली असून जहाजे पाहणे हेच तेथे करमणुकीचे साधन झाले आहे. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत सुपीरियर सरोवरातून बाहेर पडण्याच्या वाटेवरील सू येथील जलपाश बंद असतात, तेव्हा जहाजे बंदरात नांगरून पडतात आणि हा काळ जोडारी व दुरुस्ती कामगारांच्या सुगीचा ठरतो. फिनलंड आणि स्वीडनमधून आलेल्यांचे वंशज लाकडी खोलीतले वाफेचे स्नान आणि धुरी दिलेले मासे अजून सोडायला तयार नाहीत. बॉब डिलन १९४१ मध्ये येथेच जन्मला, ही गोष्ट शहर अभिमानाने मिरवते. १५ जून १९२० रोजी जमावाने एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅगी या सर्कशीतील तीन कृष्णवर्णीय कामगारांना फासावर लटकवले, त्याचे स्मारक उभारायला मात्र २००३ साल उजाडले.

शतकभराच्या कारखानदारीने विषारी बनलेला सेंट लुइस नदीचा गाळ उपसण्याचे काम अलीकडच्या दशकांत चालू असून, ओजिब्वे समाजाच्या सहभागाने नदीमुखाच्या उथळ पाण्यात ‘मनोमिन’ या जंगली तांदळाचे बी पुन्हा पेरले जात आहे; नवी रोपे वर येतात तोच त्यांच्यावर ताव मारणारे कॅनडा हंस, ही त्या पेरणीपुढची सध्याची मोठी अडचण आहे.