इतर कुत्र्यांवर धावून जाणारा कुत्रा

सिडको वसाहतीच्या गल्ल्यांत पाळीव कुत्र्याला फिरवायचं, तर मोकाट कुत्र्यांची टोळी ठरलेलीच. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि लसीकरणानंतर त्यांना सामान्यतः त्यांच्याच भागात सोडायचं असतं. त्यामुळे सामना रोजचा. अशा वेळी धावून जाणारा आपला कुत्रा बहुधा दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. पट्ट्यामुळे पळता येत नाही, म्हणून तो भुंकून समोरच्याला लांब ठेवतो. पिल्लूपणी, साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात, इतर कुत्र्यांची ओळख न झालेली किंवा कधी चावा खाल्लेली कुत्री अशी वागतात. शांत कुत्रा अचानक बिथरला, तर आधी पशुवैद्याला दाखवा. कुठेतरी दुखत असेल.

मारू नका, पट्टा हिसडू नका. त्यानं दुसरा कुत्रा म्हणजे वेदना, हेच मनात पक्कं होतं. समोरचा दिसतोय, तरी आपला खाऊ घेतोय, इतकं अंतर शोधा. समोरचा दिसताच आपल्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, दिसेनासा झाला की थांबा. काही आठवडे घेत अंतर हळूहळू कमी करा. टोळी आलीच तर सरळ रस्ता बदला. जाळीदार मुसकं लावायला लाजू नका. फक्त त्यातून कुत्र्याला धापा टाकता आणि पाणी पिता यायला हवं, इथल्या उन्हाळ्यात तर नक्कीच.