पौर्णिमेचा चंद्रोदय आणि सफाळ्याची ओहोटी

चंद्र उगवला की समुद्रास भरते येते, हा कविसंकेत संस्कृत काव्याच्या अभ्यासकास बालपणापासून पाठ असतो. आम्हीही तो कित्येक वर्षे कीर्तनात रंगवून सांगत आलो. आमचे वास्तव्य त्र्यंबकेश्वरी. समुद्र ग्रंथांतूनच ठाऊक. पण जेथून गोदावरी पूर्वसागराकडे निघते, त्याच डोंगरांत उगम पावलेली वैतरणा मात्र पश्चिमेस वळते आणि सफाळ्याजवळ दातिवरे येथे, अर्नाळ्याच्या किल्ल्यासमोर, सिंधुसागरास मिळते.

तीसएक वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेच्या कीर्तनासाठी सफाळे स्थानकावर उतरून आम्ही त्या किनारी गेलो. आख्यान समुद्रमंथनाचे. पुत्र चंद्र उदयास येताच पिता सागर कसा उचंबळून येतो, हे आम्ही साभिनय वर्णिले. आरती झाल्यावर एक वृद्ध तांडेल हात जोडून म्हणाले, "बुवा, कीर्तन झकास झालं. पण तुमचा समुद्र निराळा दिसतो. आमच्याकडं चंद्र उगवतो तेव्हा सुकती असते."

दुसऱ्या सायंकाळी ते आम्हांस किनाऱ्यावर घेऊन गेले. ढगांआडून चंद्र वर येत होता आणि पाणी दूरवर हटलेले! होड्या चिखलात कलंडून पडलेल्या. आम्ही ओशाळलो, हे कबूल केले पाहिजे.

पौर्णिमेस या किनारी पूर्ण भरती मध्यरात्री आणि दुपारी, बाराच्या सुमारास येते. चंद्र क्षितिजावर असतो तेव्हा ओहोटी. चंद्राच्या आकर्षणाने पृथ्वीवरील पाणी त्याच्या बाजूस फुगते, तसेच नेमके विरुद्ध बाजूसही, म्हणून दिवसातून भरत्या दोन. समुद्रतळाच्या व किनाऱ्याच्या घडणीमुळे भरतीची वेळ स्थळपरत्वे पालटते. तेव्हा कवींनी पाहिलेला किनारा कदाचित दुसरा असेल, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल! आणखी एक नवल असे की उधाणाचा कळस पौर्णिमेस नव्हे, तर तिच्यानंतर एकदोन दिवसांनी येतो.

तांडेलांनी आम्हांस कोकणचा जुना हिशेबही शिकविला : तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. घरी येऊन आम्ही पंचांग उघडून बसलो. एका चांद्रमासात भरतीची वेळ पूर्ण २४ तास पुढे सरकते. त्यांचे तीस तिथींत भाग केले की वाट्यास येतात ४८ मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटका, एक मुहूर्त! पाऊणपटीत ४५ मिनिटेच धरली जात असल्याने पौर्णिमेस सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती थोडी उशिरा. परंतु ज्यांच्याजवळ घड्याळ नव्हते, त्यांस एवढी चूक चालण्याजोगी होती. वाळूत बोटाने रेघा ओढून मांडलेले हे गणित आमच्या पोथ्यांत आम्हांस कधी आढळले नव्हते.

या विषयात थोर मंडळीही घसरली आहेत. गॅलिलिओने १६३२ च्या ग्रंथात भरतीचे कारण पृथ्वीची गती मानले आणि चंद्राचा प्रभाव सांगणाऱ्या केप्लरविषयी नवल व्यक्त केले. आकर्षणाच्या नियमाने न्यूटनने त्याचा उलगडा केला तो १६८७ साली.

आख्यान आम्ही सोडलेले नाही. फक्त त्यातील पित्यापुत्रांची भेट आता मध्यरात्री, चंद्र माथ्यावर आल्यावर होते.