निद्रावस्थेतील देहाचा जमाखर्च

"रुग्ण तर दिवसरात्र अंथरुणावरच आहे, मग त्यास एवढा आहार कशासाठी?" असा प्रश्न नातेवाईक मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. दुसऱ्या बाजूस, 'झोपेत आपोआप चरबी जाळा' अशा जाहिरातींवर विश्वास ठेवून चूर्णे व पट्टे खरेदी करणारेही पुष्कळ भेटतात. निद्रिस्त शरीर नेमका किती खर्च करते, हे ठाऊक नसल्याने हे दोन्ही गैरसमज निर्माण होतात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा अधिकाराचा प्रांत नव्हे. तथापि हिशेब हा आमचा नित्याचा विषय असल्याने, वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेतलेला हा जमाखर्च वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खर्चाची बाजू

झोपेतही हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे व मेंदू यांचे कार्य अखंड चालू असते. विश्रांतीच्या स्थितीत होणाऱ्या खर्चापैकी सुमारे एक पंचमांश एकटा मेंदू करतो. या खर्चाचा अंदाज वर्तविणारे हॅरिस व बेनेडिक्ट यांचे सूत्र १९१९ साली प्रसिद्ध झाले. १९९० सालचे मिफ्लिन-सेंट जेओर सूत्र आज अधिक प्रचलित आहे. पुरुषांसाठी ते असे: वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५, अधिक ५. स्त्रियांच्या बाबतीत शेवटी ५ मिळविण्याऐवजी १६१ वजा करतात.

उदाहरणार्थ, ५० वर्षे वयाचा, ६० किलो वजनाचा व १६५ सेंमी उंचीचा पुरुष घेतल्यास उत्तर सुमारे १,३८६ कॅलरी येते. म्हणजे ताशी जवळपास ५८. झोपेत हा खर्च साधारणतः ५ ते १० टक्क्यांनी घटतो. तो ताशी ५३ धरल्यास आठ तासांच्या निद्रेचा खर्च ४२४ कॅलरी होतो.

चरबीचा वाटा कसा काढतात?

अन्नाचे ज्वलन होताना प्राणवायू खर्ची पडतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे, हे लाव्हॉझिए व लाप्लास यांनी १७८२-८३ च्या सुमारास फ्रान्समध्ये प्रयोगाने दाखविले. बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडला वापरलेल्या प्राणवायूने भागिले असता श्वसन गुणांक मिळतो. केवळ पिष्टमय पदार्थ जळत असल्यास तो १ असतो, केवळ चरबी जळत असल्यास सुमारे ०.७. प्रथिनांचा अल्प वाटा बाजूस ठेवल्यास, ०.८५ हा गुणांक दोहोंचा वाटा जवळपास निम्मा-निम्मा असल्याचे दर्शवितो.

वरील व्यक्तीने तासाभरात ११ लिटर प्राणवायू वापरला व ९.३५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडला असे समजू. गुणांक ०.८५ येतो. वीअर यांच्या १९४९ सालच्या सूत्रानुसार पहिल्या आकड्यास ३.९ ने व दुसऱ्यास १.१ ने गुणून बेरीज केल्यास ५३ कॅलरी मिळतात. आठ तासांच्या ४२४ कॅलरींपैकी निम्म्या, म्हणजे २१२ कॅलरी चरबीच्या. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात. म्हणून रात्रभरात जळालेली चरबी सुमारे २४ ग्रॅम, दोन मोठे चमचे तेलाहूनही कमी!

सकाळी वजनकाट्यावर जी अधिक घट दिसते, ती प्रामुख्याने श्वासावाटे, त्वचेवाटे व लघवीवाटे गेलेल्या पाण्याची असते. शिवाय रात्री झालेला खर्च दिवसाच्या आहारातून भरून निघतो. म्हणून एका रात्रीचा आकडा पाहून उपयोग नाही. अनेक दिवसांची शिल्लकच वजन ठरविते.

या हिशेबाचे महत्त्व

इन्शुलिन अथवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी चरबी जाळण्याच्या आशेने रात्रीचे जेवण परस्पर टाळू नये. झोपेत रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटू शकते व ती लक्षणे घरातील मंडळींच्या ध्यानातही येत नाहीत.

गंभीर आजारात तर पडून असलेल्या देहाचा खर्च वाढू शकतो. प्रत्येक अंश तापामागे तो सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. आहार अपुरा पडल्यास शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते. अतिरिक्त दिल्यास कार्बन डायऑक्साइड वाढून श्वसनावर ताण येतो. म्हणूनच कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचा ऊर्जाखर्च शक्य तेथे अंदाजाने न ठरविता वायूंच्या मोजमापाने ठरवावा, अशी शिफारस युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली केली आहे.

रुग्णाच्या ताटात काय व किती असावे, हे या हिशेबावरून ठरते. औषधांच्या बरोबरीने आहारावर होणारा खर्च हा उपचाराचाच भाग आहे, हे आमच्या उदार देणगीदारांनी व विश्वस्तांनी ध्यानी घ्यावे. नातेवाइकांसही नम्र विनंती आहे की, 'पडूनच तर आहे' असे म्हणून रुग्णाचा आहार कमी करू नये अथवा प्रेमापोटी वाढवूही नये. बदल करण्यापूर्वी आहारतज्ज्ञांना अवश्य विचारावे.