मण्यारचा दंश आणि मज्जातंतूची नवी पालवी

पश्चिम रेल्वेवर बोईसर मागे पडलं की डहाणू रोडच्या आधी वाणगाव येतं. भाताची खाचरं, मिरचीच्या वाड्या आणि पूर्वेकडे पाड्यापाड्यांनी पसरलेली आदिवासी वस्ती. अशा मुलखात पावसाळ्यात भुईवर अंथरूण टाकून निजणाऱ्याला खरा धोका मण्यारचा. रात्री फिरणाऱ्या या सापाचे दात इतके बारीक, की दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळा येतात म्हणून. मग पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळवत नाही, आवाज बसतो आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात.

घाव बसतो तो मज्जातंतू स्नायूला भेटतो त्या जागी. तंतूच्या टोकातल्या सूक्ष्म पुटिकांमधून ॲसिटिलकोलीन सुटतं, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. नागाचं विष मुख्यतः स्नायूच्या बाजूचे ॲसिटिलकोलीनचे ग्राहक अडवतं, म्हणून तिथे निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होऊ शकतो. मण्यारच्या विषातले बीटा-बंगारोटॉक्सिन गटाचे घटक मात्र तंतूचं टोकच उद्ध्वस्त करतात. याच कुळातल्या तैवानी सापापासून चांग आणि ली यांनी १९६३ साली बंगारोटॉक्सिनं वेगळी केली होती. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं, म्हणून ते लवकर मिळालंच पाहिजे. पण मोडलेलं टोक त्याने सांधत नाही.

ते सांधतं शरीर. टोक गेलं तरी मज्जारज्जूतली त्या तंतूची पेशी जिवंत असते. टोकाला वेढून असलेल्या श्वॉन पेशी पडझडीची चाहूल लागताच जाग्या होतात, मोडतोड साफ करतात आणि तंतूला वाट दाखवणारी रसायनं सोडतात. स्नायूकडूनही इन्सुलिनसारखा वाढघटक, म्हणजे आयजीएफ-१, मिळतो. श्वॉनसारख्या ग्लिया पेशींपासून येणारा जीडीएनएफ हा घटक स्नायू हलवणाऱ्या, म्हणजे कारक, चेतापेशींना तगवतो, हे १९९४ साली दिसून आलं. परतलेला तंतू ॲग्रिन हे प्रथिन सोडतो आणि त्याच्या इशाऱ्यावर स्नायूचे ग्राहक नेमके त्याच्यासमोर गोळा राहतात. छाटलेल्या फांदीला जुन्याच डोळ्यातून कोंब फुटावा, तसा तंतू बहुधा आपल्या जुन्या जागीच परततो.

या वाढघटकांच्या शास्त्राचा आरंभही सापाच्या विषाशी जोडलेला आहे. १९५०च्या दशकात सेंट लुइस इथे रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन एका गाठीतला वाढघटक शोधत होते. त्यात न्यूक्लिक आम्ल आहे का, हे तपासायला त्यांनी सर्पविष वापरलं आणि त्या विषातच तो घटक भरपूर असल्याचं आढळलं. मज्जावाढघटकाच्या या कामाची १९८६च्या नोबेल पारितोषिकाने दखल घेतली. पुढे असे घटक टोचून कारक चेतापेशींचे आजार बरे करण्याचे प्रयत्न झाले, पण त्यांतल्या एएलएस या आजारावरच्या, सीएनटीएफ या घटकाच्या चाचण्यांनी निराशा केली. शरीर हे घटक योग्य जागी, योग्य वेळी आणि अगदी थोडे सोडतं. सुईने ते साधत नाही.

म्हणूनच मण्यारच्या रुग्णाला सर्वांत आधी हवा असतो तो वेळ. नव्या टोकांना काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस कुणाला तरी त्याचा श्वास चालवावा लागतो. वाटेत अंबू बॅग, रुग्णालयात व्हेंटिलेटर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेने डहाणू उपजिल्हा रुग्णालयातल्या सर्पदंशाच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे तालुक्यातल्या आदिवासींच्या व आरोग्य कर्मचाऱ्यांच्या समजुतीही तपासल्या. केंद्र सरकारच्या २०२४च्या कृती आराखड्याने २०३०पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे. वाणगावच्या पाड्यांपुरता त्याचा अर्थ सरळ आहे. निजायला खाट, तिच्यावर नीट खोचलेली मच्छरदाणी. आणि पहाटे पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर व्रण दिसो न दिसो, १०८ला फोन. भगताकडे गेलेला प्रत्येक तास श्वासातून वजा होतो. हातपाय पूर्ण लुळे पडलेला माणूसही मेलेला नसतो. त्याचे तंतू परतायला निघालेले असतात, आणि तोवर त्याला श्वास देत राहणं हेच आपलं काम.