शत्रूचा शत्रू आणि फिजीचा पतंग

पेठ तालुक्यातल्या एका वाचकाने विचारले आहे : भाताच्या खोडकिड्यासाठी दरवर्षी ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डे, लावत गेलो, तर त्या किडीची जातच संपेल का? प्रश्न मोलाचा आहे, कारण प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर असे घडल्याची नोंद आहे.

तिथे लेवुआना नावाचा निळसर झाक असलेला चिमुकला पतंग होता. व्हिती लेवू बेटावर १८७७ पासून त्याचा उपद्रव सुरू झाला. अळ्या झावळ्यांची पाती खालच्या बाजूने खरवडून खात आणि हिरवागार माड आगीत होरपळल्यासारखा दिसे. पुढे तो शेजारच्या बेटांवर पोचला, तेव्हा खोबऱ्यावर जगणाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

कीटकशास्त्रज्ञ टोटहिल आणि त्यांचे सहकारी टेलर व पेन कामाला लागले. हा पतंग बाहेरून आला असावा, असा त्यांचा कयास होता. पण त्याचे मूळ घर काही सापडेना. मग त्यांनी विलक्षण धाडसी विचार केला. याचा शत्रू मिळत नसेल, तर याच्या भावकीतल्या पतंगाचा शत्रू आणू! मलायात माडावरच्या आर्टोना पतंगाला मारणारी बेसा रिमोटा ही माशी त्यांनी १९२५ मध्ये फिजीत सोडली. ती अळीच्या अंगावर अंडे घालते आणि तिची पिल्ले अळीला आतून खातात. काही महिन्यांतच माड वाचले.

एकाच भक्ष्यावर जगणारा शत्रू भक्ष्य विरळ झाले की स्वतःही उपाशी मरतो, आणि उरलेल्यांना जीवदान मिळते. बेसाचे तसे नव्हते. तिला इतर पतंगांच्या अळ्याही चालत. त्यामुळे लेवुआना कमी झाला तरी माशी टिकून राहिली. आंतरराष्ट्रीय यादीत तो आज नामशेष आहे. काही अभ्यासकांना हे मान्य नाही, आणि मला त्यांचे म्हणणे रास्त वाटते. माड वाचल्यावर त्या पतंगाचा कसून शोध कोण घेणार? त्याला कसे हरवले यावर १९३० मध्ये जाडजूड ग्रंथ निघाला. तो मुळात कुठला, हे अजून ठरलेले नाही.

पेठच्या शेतकऱ्याने मात्र निर्धास्त राहावे. ट्रायकोग्रामाच्या आपल्याकडच्याच जाती आहेत. ही इवलीशी गांधीलमाशी किडीच्या अंड्यातच अंडी घालते, पण शेतात सोडलेली संख्या फार काळ टिकत नाही. म्हणून तर कार्डे पुन्हा पुन्हा लावावी लागतात. सावध राहायचे ते परदेशी मित्रकीटक आणताना. तो कीड किती मारतो यापेक्षा आणखी काय काय खातो, हे आधी तपासलेच पाहिजे.