शिवी कुठे लागते?

एखाद्या समाजाला काय पवित्र वाटते, हे जाणून घ्यायचे तर त्याच्या प्रार्थना ऐकण्यापेक्षा त्याच्या शिव्या ऐकाव्यात. आपल्याकडे शिवी आई-बहिणीवरून जाते, कारण घराण्याची सारी अब्रू आपण तिथे नेऊन ठेवली आहे. पण कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्या सुताराच्या अंगठ्यावर हातोडी बसली, की तो 'ताबरनाक' म्हणून ओरडतो. ताबरनाक म्हणजे चर्चमध्ये वेदीवर पवित्र प्रसाद ठेवण्याची पेटी! आणखी चिडला तर 'कालिस' आणि 'ओस्ती'. पहिला म्हणजे द्राक्षारसाचा पेला, दुसरी म्हणजे प्रसादाची भाकर. त्या प्रांतावर चर्चचा पिढ्यान्‌पिढ्या करडा अंमल होता. १९६० नंतर तो ओसरला, देवळे ओस पडली. शिव्या मात्र अजून ताज्या आहेत.

इंग्रजांची तऱ्हा थोडी निराळी. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही दहा आज्ञांपैकी एक. म्हणून 'गॉड'चे 'गॉश' झाले, 'जीझस'चे 'जीझ' झाले. आपल्या 'च्यायला'नेही अर्धा शब्द गिळूनच सभ्यपणा मिळवला आहे, तसेच हे. शेक्सपिअर हयात असताना, १६०६ साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदाच केला: नाटकात देवाचे नाव थट्टेने घेतले तर दहा पौंड दंड. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

गंमत अशी, की खुद्द येशूचा रोख या असल्या शब्दांवर फारसा दिसत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात तो 'खून करू नको' ही जुनी आज्ञा काढतो आणि लगेच तिच्याच शेजारी एक साधा शब्द आणून ठेवतो – 'राका'. आपल्या भावाला राका म्हणणारा न्यायसभेपुढे उभा राहील, मूर्ख म्हणणारा तर नरकाग्नीला पात्र ठरेल, असे त्याचे सांगणे आहे. हा राका म्हणजे कोणती भयंकर शिवी? अरामी भाषेत तिचा अर्थ इतकाच: रिकामा. डोक्याने रिकामा, कवडी किमतीचा.

आता याच येशूने त्याच शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात, शास्त्री-परूश्यांना आंधळे मूर्ख म्हटले आहे, चुना लावलेली थडगी म्हटले आहे. हा विरोध टीकाकार आवडीने दाखवतात, आणि तो आहेच. मला वाटते, शब्द कोणत्या दिशेला जातो ते पाहायला हवे. परूश्यांच्या हाती धर्मसत्ता होती. त्यांना तोंडावर सुनावणे वेगळे, आणि आपल्याहून दुबळ्या भावाला रिकामा ठरवणे वेगळे.

याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला घोड्याचा लगाम, जहाजाचे सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी अशा उपमा आहेत. पण खरी मेख पुढे आहे. ज्या जिभेने देवाची स्तुती करायची, तिनेच देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप द्यायचा, हे कसे चालेल, असे तो विचारतो. म्हणजे विटाळते ती वेदीवरची पेटी नव्हे, समोरचा माणूस.

या मापाने आपली घरे तपासली तर पंचाईत होते. कोकणातली आजी नातवाला 'मेल्या' म्हणते, आणि तो हसत जाऊन तिच्या मांडीवर बसतो. उलट पांढरपेशा घरात अपशब्द उंबऱ्याच्या आत येत नाही, पण मुलाची गुणपत्रिका हातात धरून वडील थंडपणे म्हणतात, 'तुझ्याच्याने काय होणार आहे?' कोणत्याही कोशात ही शिवी सापडणार नाही. अरामी भाषेत तिलाच राका म्हणत असत. सून, घरकामाची बाई, इमारतीचा रखवालदार, हा शब्द कोणाकोणाच्या वाट्याला येतो ते घरोघरच्या वाचकांना सांगायला नको.

आणि आपल्या समाजात तर नुसते जातीचे नाव शिवी म्हणून वापरले जाते. माणसाला रिकामा ठरवण्याची याहून जुनी रीत आपल्याकडे नसेल. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने ही इजा ओळखली. चारचौघांत दलिताचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा ठरला. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत हिंदू, पुढे १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध एवढेच धरले जातात. ख्रिस्ती नाहीत. नगर-जालना भागातल्या खेड्यांतून महार-मांग समाजातली कितीतरी कुटुंबे काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झाली. गावाने त्यांना जुन्या जातीच्या नावाने हाक मारणे सोडले, असे कोणी म्हणणार नाही. डोंगरावरच्या प्रवचनाच्या मते तो शब्द खुनाच्या शेजारी बसतो. पण त्याविरुद्ध या कायद्याचा आधार घ्यायला गेलेल्या ख्रिस्ती माणसाला अगोदर विचारले जाते, तुमचा धर्म कोणता?